भारोभार नारळ

मित्रांनो, मी एक जुनी तागडी आहे. डिचोली तालुक्यातल्या एका देवळात तुळाभारासाठी मला घडवलं. फणसाच्या लाकडाची दांडी, लोखंडी साखळ्या आणि माणूस मांडी घालून बसेल एवढी दोन पारडी. एकात नवस फेडणारा बसायचा, दुसऱ्यात त्याच्या भारोभार केळी, गूळ नाहीतर नारळ. मला हळद-कुंकू लावत, हार घालत. तेव्हा मला माणसं आवडायची. आता त्यांच्या तोंडांची चीड येते.

सुमंगलाची लेक सेजल लहानपणी मरता मरता वाचली. तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होणंच बंद झालं होतं. टाइप वन मधुमेह. गोड खाऊन झालेला नव्हे, हे किती वेळा ओरडून सांगू? इन्सुलिन टोचून घ्यायचं, तरच जगायचं. आईने माझ्यासमोर नवस बोलला, "पोर जगांदे, लग्न ठरलां की तिच्या भारोभार नारळ देतंय."

सेजल मोठी झाली, बँकेत लागली, साईशशी तिचं लग्न ठरलं. वजनही वाढलं. इन्सुलिन घेऊन कधी साखर एकदम उतरली की तिचे हातपाय कापायचे. मग घाबरलेली आई चमचाभर साखरेवर थांबायची नाही, वाटीभर खीर भरवायची, वर लाडू. त्या भीतीचंच वजन तिच्या अंगावर चढत गेलं. लोकांना मात्र ती खादाड वाटायची.

नवस फेडायची बोलणी सभामंडपात चालली होती. तिचा मामा गोकुळदास सगळ्यांदेखत म्हणाला, "गे सेजल, तुका जोखूक एक टेंपो नारळ पुरचे नाय!" सगळे खो खो हसले. सेजलही हसली. पण तिने माझी साखळी घट्ट धरली होती, म्हणून खरं काय ते मला कळलं.

तुळाभाराच्या दिवशी ती आली ती गालफडं बसलेली. "काय बारीक झालंस गो!" बायकांनी कौतुक केलं. थोड्याच नारळांत पारडी बरोबर झाली आणि मामाने टाळ्या वाजवल्या. मूर्खांनो, तिच्या श्वासाला पिकल्या फळाचा वास येत होता! तिचं डोकं माझ्या साखळीवर कलंडलं.

साईश धावला. "सेजल, इन्सुलिन घेतलंस मां?"

"कमीच घेतंय," ती पुटपुटली. "आज बारीक दिसाक होया म्हणान."

इन्सुलिन तोडलं की शरीर स्वतःलाच जाळू लागतं, श्वासाला तो वास त्याचाच. टाळ्या पडल्या त्या मरणाला. साईशने तिला उचलून हॉस्पिटलात नेलं, म्हणून ती वाचली.

आणि दोष कोणाला? मला! "अपशकुनी तागडी," म्हणत मला अडगळीत टाकलं. वाळवीशेजारी पडून मी धुमसत राहिले. मी काय कोणाला हसले होते?

परवा सेजल आली. पुन्हा पूर्ण इन्सुलिन घेणारी, गाल भरलेली. साखर उतरली तर किती द्यायचं, हे डॉक्टरीणबाईंनी आता आईलाही शिकवलं आहे. वजन उतरवायचं ते हळूहळू, इन्सुलिन न तोडता.

"तागडी काढा," सेजल म्हणाली. "आयचो नवस रवलोहा. त्या दिवसाचां वजन खोटां होतां."

ती ऐसपैस मांडी घालून बसली. आणलेले नारळ संपले, तरी तिचं पारडं जमिनीवरून हललं नाही. मामा खाली मान घालून उभा होता.

"मामा, कमी पडले," ती मोठ्याने म्हणाली. "आणखी नारळ घेवन ये."

मामा टेंपो काढून गेला. तो येईपर्यंत ती माझ्या पारड्यातच बसून राहिली.

मित्रांनो, माणसं जोखायचं काम माझं आहे. तुमच्या जिभांनी ते करू नका.