बटणांचा कीबोर्ड

ठोकेबाईंच्या दोनच बोटांना नोकरी होती. बाकीची आठ वर्षानुवर्षं बसून खात होती. रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात फोन घ्यायचा, कोण, कुठे, काय झालंय ते टाईप करायचं आणि गाडी सोडायची, हे बाईंचं काम. दोन तर्जन्या अशा बरसायच्या, की शेजारच्या टेबलावरचा चहाचा कप सरकत सरकत कडेला यायचा आणि शेजारीण न बघता तो झेलायची. एकदा स्पेसबार उडून पंख्याला लागला. पंखा तेव्हापासून जरा बरा फिरतो.

मग नवी स्क्रीन आली. तिच्यावर शहराचा नकाशा आणि नकाशावर धावणाऱ्या गाड्या. नजर तिथून हलता कामा नये, बोटांकडे तर नाहीच. म्हणून फर्मान निघालं, की प्रत्येकीने हातांवर कापड टाकून टाईप करून दाखवायचं. जिला जमणार नाही तिची बदली तळघरातल्या भांडारात, बँडेजचे गठ्ठे लावायला.

 गठ्ठ्यांना बाई भीत नव्हत्या. पण धाप लागलेल्या माणसाला ‘मी आहे, बोला’ असं आता दुसरंच कुणी म्हणणार, हे त्यांना सोसवेना. दुसरी भीती त्याहून वाईट. आपण पास झालो आणि न बघता भलतंच अक्षर पडलं तर? कुणीतरी दारात वाट बघत उभं आणि गाडी तिसरीकडेच. 

सराव करायला घरी कीबोर्ड नव्हता. विकत आणू म्हटलं तर नवरा दुखावला. नवरा शिंपी. घरात एवढी बटणं पडलेली असताना बाजारात कशाला जायचं, असं त्याचं म्हणणं. टेप गळ्यात टाकून तो थेट कचेरीत गेला आणि कीबोर्डचं माप घेऊन आला. माप घेताना त्याने कीबोर्डला श्वास सोडायला सांगितलं, असं कचेरीतली शेजारीण शपथेवर सांगते. संध्याकाळपर्यंत जाड कापडावर बटणं टाकून, प्रत्येकावर अक्षर भरून कीबोर्ड तयार. तर्जन्यांना जागा कळावी म्हणून दोन बटणांवर दोऱ्याच्या गाठीसुद्धा मारल्या.

उजवी तर्जनी ‘र’वर, पुढची दोन बोटं ‘क’ आणि ‘त’वर, करंगळी ‘च’वर. अक्षर दाबलं की बोटाने मुकाट घरी परत यायचं. बाई सरावाला बसल्या त्या उठेचनात. दूध उतू गेलं, इस्त्रीखाली चादर करपली. भिंत, उशी, दाराची कडी, बोटांना काहीही चालायचं. सासूबाईंच्या पाठीला तेल चोळतानाही तेच. शेवटी सासूबाईंना पाठीवरून वाचता यायला लागलं. पालथ्या पडल्या पडल्या त्या सांगायच्या, “अगं, त्या ओळीतला ‘त’ राहिला बघ.”

परीक्षा जवळ आली तशी बाईंनी कचेरीत हातांवर रुमाल टाकून पाहिलं. ‘चौक’ लिहिला की भलतंच उमटे. प्रत्येक ‘च’च्या जागी ‘ट’. करंगळी दर खेपेला एक घर पुढे.  घरी येताच त्यांनी बटणांवर टेप लावला आणि त्या नवऱ्याकडे वळल्या.

“अहो, तुम्ही माया धरलीत?”

“धरणारच की. उद्या घट्ट झाला असता म्हणजे?”

शिवणीत जायला शिंपी जे जादा कापड सोडतो ती माया. नवऱ्याने सवयीने बटणाबटणामागे थोडीथोडी सोडली होती. तर्जनीपाशी ती जाणवत नव्हती, करंगळीपर्यंत साठत साठत अख्ख्या बटणाएवढी झाली होती. आणि बोटांनी ती इमानदारीने पाठ केली होती.

आता शिकलेलं विसरायचं कसं?  नवऱ्याने बाईंचे हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, कीबोर्ड सैल झालाय तर हातच आत घेऊ. बोटं म्हणजे काय सदऱ्याची बाही आहे, असं सासूबाईंनी सुनावलं. त्याने मनावर घेतलं नाही. पातळ हातमोजे आणले, बाईंना घालायला लावले आणि बोटाबोटांमध्ये कच्चे टाके घातले. कचेरीत फावल्या वेळात बाई ते घालून खऱ्या कीबोर्डवर बसू लागल्या. करंगळी बाहेर पळू लागली की टाका तिला मागे ओढायचा.

परीक्षेला मोठ्या कचेरीतून साहेब आले. पहिलंच वाक्य, “हातमोजे काढा.”

उघडी बोटं परक्यासारखी वाटली. वर कापड पडलं. हेडफोनमध्ये एका म्हाताऱ्या गृहस्थांचा आवाज आला. बायको मोरीत पडली होती. पत्ता त्यांना धड सांगता येत नव्हता. चौकातून आत, धोब्याच्या मागे, नाही नाही, पुढे. ‘च’ आला तशी बाईंची मान खाली जाऊ पाहत होती. त्यांनी दात आवळले, नकाशा सोडला नाही. गल्लीमागून गल्ली चाचपत होत्या, आणि तोंडातून आपोआप निघून गेलं, “मी आहे आजोबा, बोला.”

“ती उत्तर देत नाहीये,” आजोबा म्हणाले आणि आवाज तुटला.

साहेबांनी कापड उचललं, स्क्रीनवर उमटलेलं वाचलं. एका ठिकाणी करंगळी घसरली होती, पण पत्ता बरोबर होता. पास, असं सांगून त्यांनी पुढच्या बाईंना हाक मारली.

ठोकेबाई खुर्चीतून हलल्या नाहीत. “गाडी पोचली का?”

“कुठली गाडी? बाई, हे जुनं रेकॉर्डिंग आहे.”

“जुनं असलं म्हणून काय झालं? आजी पडल्यात ना?”

साहेबांना माहीत नव्हतं. मग विचारा, असं बाई म्हणाल्या. दहाही बोटं आपापल्या घरी ठेवून बसून राहिल्या. बाहेर रांग चुळबुळू लागली. साहेबांनी हात जोडून पाहिले, घड्याळ दाखवून पाहिलं, शेवटी मोठ्या कचेरीत फोन लावला. तिकडे कुणीतरी कुणाला तरी विचारायला गेलं. 

साहेबांनी फोन ठेवला. “पोचली होती.”

“वेळेवर?”

साहेबांनी पुन्हा फोन उचलला.