हळद लागलेला सात नंबर

दचकू नका, उंदीरच बोलतोय; पण कणगीतला नव्हे, पिंजऱ्यातला पांढरा. माझं नाव सात नंबर. मुक्काम सिरसाळ्याच्या रस्त्यावरचं नवं फार्मसी कॉलेज, साल २००८.

शिवांजली मॅडम तिथं प्रबंधाचं काम करत होत्या. जस्ताच्या ऑक्साइडचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी बारीक पूड, पोटात गेली तर अपाय होतो का, हे त्यांना पाहायचं होतं. आम्ही बारा जण. सहांना पूड, सहांना नुसतं पाणी. मी पुडीतला. अठ्ठाविसाव्या दिवशी सगळ्यांना मारून आतडी-काळीज तपासायचं ठरलेलं. ओळख पटावी म्हणून अंगावर पिवळे ठिपके, कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर.

दाणापाणी चतुराबाईंकडे. त्यांची आमच्यावर फार माया. विसाव्या दिवशी गणेश चतुर्थी आली. बाईंनी आम्हाला एकाच टोपलीत काढलं, डोक्यापासून शेपटीपर्यंत हळद चोळली, गूळखोबरं दिलं आणि हाताला येईल तसं पिंजऱ्यांत परत ठेवलं. जन्मात पहिल्यांदाच कुणी मला हळद लावली हो!

दुसऱ्या दिवशी मॅडमचा चेहरा आमच्या मूळ रंगासारखा पांढरा. ठिपके हळदीत गडप. पूडवाला कोण अन् पाणीवाला कोण, काही कळेना.

“मावशी, हे काय केलंत?”

“आवं म्याडम, गणपतीचं वाहन हाय ते. सणाला कोरं ठिवायचं व्हय?”

मी पुडीतला, पुडीतला, असं मी चीं चीं करून सांगत होतो. ऐकतो कोण?

मॅडमचे मार्गदर्शक संगमेश्वर सर म्हणाले, “वजनं बघा अन् अंदाजानं वाटून टाका. पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचाय.”

मॅडम म्हणाल्या, “नाही सर. उद्या ह्याचं मलम होईल, कुणी लेकराला लावील, लेकरू ते चाटील. माझं वर्ष गेलं तरी चालेल, मी नव्यानं करते.”

“माज्यापायी पोरीचं वर्स गेलं,” म्हणून चतुराबाई पदरात तोंड घालून रडल्या. आम्ही बारा जण मात्र प्रयोगाच्या कामाचे उरलो नाही, म्हणून मरणातून सुटलो.

आता मी म्हातारा झालोय. एकीची भाबडी चूक आणि दुसरीचा खरेपणा, दोन्हींनी मला जगवलं. हे उपकार फिटायचे नाहीत.

पण तेव्हा मॅडमनी नव्यानं केलेल्या प्रयोगासाठी समोरच्या पिंजऱ्यात नवा सात नंबर आला होता. अठ्ठाविसाव्या दिवशी त्याला नेलं, तेव्हा चतुराबाईंनी हळदीचा हात मागे घेतला आणि लांबूनच त्याला नमस्कार केला. कधी लेकराच्या खरचटल्यावर मलम लावाल, तेव्हा त्याची आठवण काढा. तो माझ्या जागी गेला.