पिठाच्या वाटा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. जागतिक इतिहास विभागाच्या बैठकीला एरवी चार टाळकी जमायची मारामार. आज विद्यार्थी खिडक्यांतही बसले होते. कारण व्यासपीठावर भूतकाळबाबा डोळे मिटून बसले होते.

पुढची काही वर्षं विभागाने कशावर संशोधन करायचं, हे ठरत नव्हतं. एकाला युद्धं हवी होती, दुसऱ्याला रोगराई, तिसऱ्याला राजघराणी. भांडून सगळ्यांचे घसे बसले, तेव्हा विभागप्रमुखांनी तोडगा काढला, "ज्यांचा इतिहास, त्यांनाच विचारू की!" बाबा मेलेल्यांना बोलतं करत. नुकतेच त्यांनी एका बाईचे वडील बोलावले होते आणि निम्मं सभागृह रडत होतं.

शेवटच्या रांगेत विभागातलेच एक प्राध्यापक बसले होते. त्यांची बायकोही इथेच शिकवायची. मिठाच्या व्यापाराने दूरदूरचे मुलूख कसे जोडले, हा तिचा विषय. तो अर्धा टाकून ती गेली, त्याला वर्षही झालं नव्हतं. हा विषय निवडला जावा, एवढंच त्यांना हवं होतं.

"अहो," बाबा एकदम बारीक आवाजात म्हणाले, "इतके मागे का बसलात? माझं काम राहिलं हो. पिठाच्या वाटा... तेवढ्या पुऱ्या करा."

सभागृह हळहळलं. प्रमुखांनी डोळे पुसले. "ठरलं! पहिला विषय, पीठ!"

पीठ? प्राध्यापकांना दारातलं बोलणं आठवलं. आत येताना बाबांच्या एका शिष्येने मायेने विचारलं होतं, "काका, कोण गेलं तुमचं?" बायकोचं आणि तिच्या मिठाच्या वाटांचं सांगताना त्यांचा गळा दाटला होता. "पिठाच्या वाटा?" तिने विचारलं, तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली होती.

ते उभे राहिले. "बाबा, तिचा विषय मीठ होता."

"मीठ काय, पीठ काय! आत्म्याला जीभ नसते बाळा, चव कशी कळणार?"

हशा पिकला. प्राध्यापक खाली बसले. गप्प राहिले असते तर पिठाचं मीठ मागाहून करून घेता आलं असतं. शिवाय तो आवाज. तिचा नव्हता, पण त्यांना 'अहो' म्हणणारं आता दुसरं होतं कोण?

चहाच्या वेळी ते शिष्येजवळ गेले. "ताई, एक सांगायचं राहिलं. माझा धाकटा भाऊही गेला. छत्र्यांचा इतिहास लिहायचा."

"अरेरे काका, किती सोसलंत!" म्हणत ती बाबांची शाल सारखी करायला गेली आणि त्यांच्या कानाशी जरा जास्तच वाकली.

बाबांचा आवाज जाडा झाला. "दादा! ओळखलंस का रे? माणसाने डोकं कसं झाकलं, ते जगाला सांगायचं राहिलं रे दादा!"

आयुष्यात त्यांना कुणी दादा म्हटलं नव्हतं. क्षणभर ओ द्यावीशी वाटली.

"मी एकुलता एक," ते म्हणाले. "मला भाऊच नव्हता. छत्र्या मी आत्ता चहा पिताना काढल्या."

"मागच्या जन्मीचा भाऊ असेल..." बाबा चाचरले.

"मग आधी माझंच श्राद्ध घाला की!" प्राध्यापक म्हणाले, पण त्यांना हसू आलं नाही. "दारात आपणच सांगतो. शाल सारखी करताना ते यांच्या कानात जातं, आणि आपलंच आपल्याला परत मिळतं. रडणारा माणूस तपासून बघत नाही. मीही बघणार नव्हतो. पण मेलेली माणसं विषय सुचवत नाहीत. त्यांनी मागे ठेवलेलं वाचावं लागतं, पुरावा जोखावा लागतो, आजवर कुणाची विचारपूसच झाली नाही ते शोधावं लागतं. आणि मग भांडावं लागतं."

बाबा मागच्या दाराने गेले. लोक भांडले. प्राध्यापक मिठासाठी बोलले, पण एका सहकाऱ्याने काढलेल्या शंकेला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. ते तिच्याकडे असतं. रोगराईच्या बाजूने जास्त हात वर झाले. त्यांनीही, थोडं थांबून, आपला हात वर केला.

प्रमुख जवळ आले, ओशाळून म्हणाले, "बाईंना काय वाटलं असतं हो?"

"ठाऊक नाही. तिला विचारायची सोय नाही," प्राध्यापक म्हणाले. "ठरवायचं आपणच, आणि चुकलं तर निस्तरायचंही आपणच."