पाहुण्याला कोणाबरोबर सोडायचं

आक्का पहिला घोडा कुरणात सोडायची तेव्हा नीट उजाडलेलंही नसायचं, आणि शेवटचा आत आणायची तेव्हा पायांचे नुसते गोळे झालेले असायचे. तबेल्यात घोडे सहा आणि कुंपण घातलेली कुरणं दोन. एका कुरणात एका वेळी एकच घोडा, असा नियम. त्यामुळे दिवसभर एकाला ने, दुसऱ्याला आण, फाटक उघड, फाटक लाव. फाटकाची कडी तिला झोपेतही ऐकू यायची.

नियम तिच्या धाकट्या भावाचा. तबेला दोघांनी मिळून चालवलेला. पूर्वी घोडे एकत्रच चरायचे. एकदा दोन घोडे एकमेकांवर उसळले, भाऊ सोडवायला मध्ये गेला आणि लाथ त्याच्या मांडीवर बसली. हाड जुळलं, पण पाय आखडला तो आखडलाच. तेव्हापासून तो खोगिरांच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून चामडं शिवत बसायचा. "यापुढे घोडे एकेकटेच सोडायचे," तो म्हणाला, आणि आक्काने मान डोलावली. त्या दिवशी त्याला उचलून आणणारी तीच होती.

मग सहावा आला, पाहुणा. शर्यतीतून काढलेला राखी रंगाचा घोडा. "थोड्याच दिवसांचा पाहुणा आहे," असं त्याची मालकीण म्हणाली होती. ते थोडे दिवस काही संपेनात, नाव मात्र चिकटलं. त्याला कुरणात एकटं सोडलं की तो चरायचाच नाही. कुंपणाच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या येरझाऱ्या. तिथलं गवत मरून पायवाट पडली. फासळ्या मोजाव्यात इतका वाळला.

घोड्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या, दात पाहिले, पोटाला कान लावला.

"आजारी नाहीये. एकटा पडलाय."

"दुसऱ्यांबरोबर सोडला तर?"

"लाथ बसू शकते, चावा बसू शकतो. एकटा ठेवलात तर झिजत जाईल. हमी मी कशाचीच देणार नाही."

"म्हणजे धोंड माझ्याच गळ्यात."

"तुमच्याच," बाई हात धुताधुता म्हणाल्या.

मालकिणीला फोन केला, तर ती म्हणाली, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." आक्काला त्या वाक्याचाही थकवा आला.

जेवताना तिने विषय काढला. "पाहुण्याला आजीबरोबर सोडून बघू का?" आजी म्हणजे तबेल्यातली सगळ्यात म्हातारी घोडी, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

"माझा पाय बघ, मग बोल."

"तुझा पाय रोज बघते. माझेही बघ की कधीतरी." तिचा आवाज चढलाही नाही. "मी दमलेय रे भाऊ. पार दमलेय."

त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. "भांडण लागलं की तू मध्ये पडणार. मला माहितीयेस ना तू. आणि पडलीस तर तुला उचलायला कोण धावणार? मी?"

इतकी वर्षं तिला वाटत होतं, भाऊ घोड्यांना घाबरतो. तिने पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला. "नाही पडणार मध्ये. काही झालं तरी."

नालबंदाला बोलावून दोघांचे मागचे नाल काढून घेतले, म्हणजे लाथ बसलीच तरी लोखंड लागायला नको. काही दिवस दोघांना शेजारच्या कुरणांत ठेवलं. पाहुणा येरझाऱ्या सोडून कुंपणावरून मान काढून उभा राहू लागला. शेवटी एका सकाळी आक्काने मोठ्या कुरणात गवताचे तीन ढीग दूरदूर टाकले आणि दोघांना आत सोडलं. भाऊ कुबडी टेकत कुंपणापर्यंत आला होता.

पाहुणा शेपटी उभारून थेट आजीच्या अंगावर धावला. आजीने कान मागे पाडले, किंचाळली, आणि गरीब म्हणवणाऱ्या त्या म्हातारीने त्याच्या खांद्याचा लचकाच तोडला. राखी केसांवरून रक्त ओघळलं. आक्काचा हात कडीवर गेला.

"हात काढ," भाऊ म्हणाला.

"अरे, पण—"

"आक्का, हात काढ."

तिने हात काढला आणि ओढणीत गुंडाळून धरला. घोडे धावले, वळले, पुन्हा धावले. मग आजीला कंटाळा आला असावा. ती एका ढिगाशी जाऊन खाऊ लागली. पाहुणा तिथे गेला, तिने हाकललं. दुसऱ्या ढिगाशी गेला, तिथेही ती आली. तिसऱ्या ढिगात त्याने तोंड घातलं आणि काढलंच नाही.

"खातोय," भाऊ म्हणाला. त्याचं कपाळ घामाने भिजलं होतं.

पुढे एकेक करून पाच घोडे एकत्र आले. मिरची नावाची तांबडी घोडी मात्र जो जवळ येईल त्याला लाथ झाडायची. तिला शेजारच्या कुरणात एकटीलाच ठेवावं लागलं. पाहुण्याच्या खांद्यावर चाव्याच्या जागी पुन्हा केस आले नाहीत. कोणाच्या अंगावर नवा ओरखडा दिसला की भाऊ म्हणायचा, "बघ." आक्का म्हणायची, "बघितलं."

फेऱ्या कमी झाल्या, तरी वर्षांचा शीण काही लगेच उतरत नव्हता. एका दुपारी ती भावाच्या खुर्चीत जरा टेकली आणि तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा भाऊ मिरचीच्या कुंपणाशी, कुबडी काखेत दाबून, पाण्याची बादली ढकलत होता. अर्धं पाणी सांडलं होतं. उठावं असं तिच्या मनात आलं. ती उठली नाही.