पुढच्या पिंजऱ्यातली बाई

"या लाल ठिपक्यावर उभ्या राहा, आजी. पिंजरा मागून येईल. मी म्हटलं की पाय आत टाकायचा. काही होत नाही!"

नाझारेनाने म्हातारीचं कोपर धरलं. इटलीच्या उंब्रिया प्रांतातल्या आमच्या या गावात डोंगरावर जायला तारेवरचे पिंजरे आहेत, उभ्याने जायचे, छातीएवढ्या उंचीचे. ते थांबत नाहीत. चालत्यातच चढावं लागतं. गेली सत्तावीस वर्षं लोकांना चढवायचं काम नाझारेनाचं होतं. स्वतः मात्र ती एकदाही चढली नव्हती. उंचीची तिला भयंकर भीती होती. डोंगरमाथ्यावरच्या संताच्या देवळात ती दरवर्षी पायी जायची, म्हणून लोक तिला फार भाविक समजत. तिने तो समज कधी मोडला नाही.

म्हातारीचा नवरा कोर्राडो पादोव्हाहून आलेला, भारी बोलका. "गेल्या वर्षी फ्लॉरेन्सला गेलो होतो बाई. त्या गर्दीत ही दोन तास हरवली! तिच्या काही लक्षात राहत नाही आता. शाळामास्तरीण होती हो, चाळीस वर्षं. म्हणून यंदा म्हटलं, निवांत जुनं गाव बघू. इथे कोण हरवणार?"

त्याच्या कोटाच्या खिशातून वेडेपणाचं प्रमाणपत्र डोकावत होतं. आमच्या कारंज्याभोवती तीन फेऱ्या मारल्या की ते मिळतं. गावाला सगळे वेड्यांचंच म्हणतात, तेव्हा पाहुण्यांनाही तो मान द्यायला आम्ही हात आखडता घेत नाही.

पिंजरा आला. एर्सिलिया आजी पोरीसारखी टुणकन आत शिरली. नेमकी तेव्हाच कोर्राडोची काठी पडली, तो वाकला, आणि नाझारेनाच्या हातांनी सवयीने दार लावून कडी घातली. पिंजरा निघाला. म्हातारी आत एकटी.

"अहो, ती दार उघडेल!" कोर्राडो ओरडला. "चालत्या मोटारीचंसुद्धा उघडते ती!"

खरंच, म्हातारीची बोटं कडीशी चाळा करत होती. खाली खडकच खडक.

"थांबवतो!" यंत्रावरचा सेत्तिमियो म्हणाला.

"नको!" नाझारेना किंचाळली. "थांबलं की तिला वाटेल पोचलो. उतरायला जाईल!"

इतक्या वर्षांत तिने हे शेकडो वेळा पाहिलं होतं. पिंजरा थबकला की माणसाचा हात आधी दाराकडे जातो.

मागून दुसरा, रिकामा पिंजरा आला. कोर्राडो काठी टेकत सरसावला, पण त्याचे पाय लटपटत होते. चूक आपल्या हातांची, त्याच्या पायांची नव्हे, एवढंच नाझारेनाला कळलं. ती आत चढली.

"नाझारेना, अगं तू?" सेत्तिमियोचा आवाज मागे पडला.

पायाखालची जमीन सरकली. झाडांचे शेंडे खाली गेले. "आजी, कडी... कडीला हात नका लावू!" आवाज फुटला तो रडका. म्हातारीने तेवढ्यात कडी उचललीच. दार उघडून वाऱ्यावर हलू लागलं. एर्सिलियाने एक पाऊल उचललं.

"आई गं!" नाझारेना ढसाढसा रडू लागली.

म्हातारी थबकली. मागे वळली. "कोण रडतंय गं?"

"मी... मला भीती वाटते हो. फार भीती वाटते." ही युक्ती नव्हती. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच ती हे कुणाला सांगत होती.

"एवढी मोठी मुलगी आणि रडतेस? खाली बघू नकोस. माझ्याकडे बघ. दोन्ही हातांनी कठडा धर, हा मी धरलाय ना, तस्सा. नाव काय?"

"नाझारेना."

"कितवीत आहेस?"

"ति... तिसरीत."

"मग सातचा पाढा यायलाच हवा. म्हण मोठ्याने. सात एके सात!"

"सात दुणे चौदा," नाझारेना हुंदके देत म्हणाली. दार आपटत होतं, पण म्हातारीचे दोन्ही हात कठड्यावर घट्ट होते. सातचा झाला, आठचा झाला. नऊच्या मध्यावर वरच्या स्थानकातल्या माणसाने आजीला अलगद उतरवून घेतलं. मागोमाग नाझारेना उतरली आणि तिथेच फरशीवर फतकल मारून बसली. एर्सिलिया तिच्याजवळ वाकली आणि तिचे डोळे पदरासारख्या लांब मफलरने पुसू लागली.

मागच्या पिंजऱ्यातून कोर्राडो आला. धडपडत, धापा टाकत त्याने बायकोचा खांदा धरला. "एर्सिलिया! अगं, जीव गेला होता माझा!"

तिने वळून पाहिलं. परक्या माणसाकडे बघावं तसं, अगदी सभ्यपणे.

"जरा बाजूला व्हा हो. माझ्या वर्गातली मुलगी घाबरलीये. तिला मोकळा वारा लागू द्या."

कोर्राडोचा हात खाली आला. त्याने टोपी काढली.

"हो, बाई," तो म्हणाला, आणि दोन पावलं मागे सरून भिंतीपाशी उभा राहिला.