बारीक होत गेलेलं अक्षर

धर्मेंद्र खेरड्यांना कंपनीतून कमी करायच्या कागदावर देवश्रीनं सही केली, त्याला साडेतीन वर्षं होऊन गेली होती. आता ती कंपनी तिची स्वतःचीही उरली नव्हती. बंगळुरूच्या गुंतवणूकदारांनी ती एका मोठ्या कंपनीला विकून टाकली आणि नव्या मालकांनी देवश्रीला शाल-श्रीफळ देऊन घरी बसवलं.

काम दोघांनी मिळून उभं केलं होतं. देवश्री अमरावतीच्या एका वकिलांची मुलगी, अकोल्यात रेडिओलॉजिस्ट. धर्मेंद्र शेंदूरजनाघाटच्या संत्रेवाल्या घरातला. दहावीनंतर बडनेऱ्याच्या एका वर्कशॉपात मोटर वाइंडिंग शिकला आणि पुढं गावोगावच्या दवाखान्यांतली एक्स-रे मशिनं दुरुस्त करत फिरू लागला. तिच्या सेंटरवरचं मशीन बंद पडलं तेव्हा कोणीतरी त्याला धाडलं. काम संपल्यावर हात पुसत तो म्हणाला, "मॅडम, मशीन चांगलंच असते. फिल्म धुवून धुवून लोक कंटाळतात अन् त्यालेच भंगारात देतात."

त्या बोलण्यातून कंपनी निघाली. जुन्याच मशिनला डिजिटल पॅनल बसवायचं, फोटो नेटवरून अकोल्याला यायचा आणि अर्ध्या तासात देवश्रीनं रिपोर्ट द्यायचा. पहिलं मशीन मोर्शीला लागलं, मग दर्यापूरला, मग थेट धारणीला. धर्मेंद्र मोटारसायकलवर पॅनल बांधून घाट चढायचा. धारणीहून पहिला फोटो आला, त्यात एका कोरकू बाईच्या फुप्फुसातला क्षयाचा डाग स्वच्छ दिसला. देवश्रीनं फोन करून सांगितलं, तर पलीकडून तो नुसता हसत राहिला. हसरा माणूस होता.

मग गुंतवणूकदार आले. त्यांना डिग्रीवाले इंजिनियर हवे होते. त्यांचा मॅनेजर दर आठवड्याला तक्रार करायचा, की एका तासाच्या कामाला हा माणूस तीन तास लावतो, सर्व्हिसच्या वहीतलं याचं अक्षर वाचता येत नाही. देवश्रीनं सहा महिने टाळलं. शेवटी सही केली.

"माह्याकडून काई चुकलं काय?" त्यानं विचारलं होतं.

"नाही, भाऊ. आता कामाची पद्धतच बदलली," ती म्हणाली होती.

त्यानं मान हलवली आणि गेला. त्यानंतर तिनं त्याला एकदाही फोन केला नव्हता.

आता तिला पुन्हा सुरुवात करायची होती. लहान प्रमाणात, त्याच्यासोबत. जानेवारीतल्या एका सकाळी ती गाडी घेऊन शेंदूरजनाघाटला गेली. गावाबाहेरच्या शेडमध्ये संत्र्यांची प्रतवारी चालली होती. धर्मेंद्र मागच्या दारानं आत आला आणि तिच्याकडे चालत येऊ लागला.

देवश्री बघत राहिली. त्याचा डावा हात चालण्याबरोबर हलत होता. उजवा कोपरात वाकून अंगाशी धरल्यासारखा होता, हलत नव्हता. पावलं आखूड पडत होती. चेहऱ्यावर ना राग होता, ना ओळख.

"कवा आल्या, मॅडम?" आवाजही खाली गेला होता.

ललितानं, त्याच्या बायकोनं, चहा आणला. त्यानं कप डाव्या हातानं घेतला. उजवा मांडीवर होता आणि अंगठा तर्जनीवर हळूहळू घासत होता, थांबत नव्हता.

"हसतच नाईत आता हे," ललिता म्हणाली. "तिकून आले तवापासून अशेच. लोक म्हणतात, कंपनीचं मनाले लागलं. मलेबी तसंच वाटते."

"तसं काई नाई," धर्मेंद्र म्हणाला. "थकवा हाय. हात जड वाटते जरा."

देवश्री ज्या कामाला आली होती, ते तिनं काढलंच नाही. नवा फोन नंबर लिहून द्या, एवढंच म्हणाली. त्यानं पाठकोऱ्या कागदावर आधी नाव लिहिलं, मग नंबर. पहिलं अक्षर ठीक होतं. पुढची लहान होत गेली आणि शेवटचे आकडे मुंगीएवढे आले.

सर्व्हिसची वही तिच्या डोळ्यांपुढे आली. मॅनेजरनं तिच्या टेबलावर आपटलेली. त्या पानांवरही ओळीच्या शेवटी अक्षर असंच चिमत गेलं होतं. तिनं ते पाहिलं होतं. डॉक्टर असून पाहिलं होतं आणि घाईत लिहिलंय म्हणून पान उलटलं होतं.

पुढच्या आठवड्यात तिनं दोघांना अकोल्याला बोलावलं. ओळखीच्या मेंदूविकारतज्ज्ञानं दहा मिनिटं तपासलं, बोटं मिटायला-उघडायला लावली, चालवून पाहिलं. पार्किन्सन. दुसरं काही नाही ना, याची खात्री म्हणून एमआरआय काढला. तो वाचायला देवश्रीच बसली. एकेक छेद तिनं दोनदा पाहिला. त्यात काहीच नव्हतं. तिला ते ठाऊक होतं, तरी पाहत राहिली. मग तिनं रिपोर्टमध्ये 'नॉर्मल' लिहिलं.

"म्हणजे बरं हाय?" ललितानं विचारलं.

"हा आजार या फोटोत दिसत नाही, वहिनी. औषधानं हातपाय मोकळे होतील, चेहराही थोडा खुलेल. पण पूर्ण बरा होत नाही."

ललिता नवऱ्याकडे बघत होती. "म्हणजे मनाले लागलं नव्हतं?"

"लागलं त होतं," धर्मेंद्र म्हणाला.

देवश्रीनं खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "भाऊ, तुम्ही कंपनीत होता तेव्हाच हे सुरू झालं होतं. म्हणून कामाला वेळ लागत होता. मला कळायला पाहिजे होतं. मी रोज तुम्हाला बघत होते."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरून काही समजायला मार्ग नव्हता.

"मी समजून राहिलो होतो, माही अक्कल कमी पडली," तो म्हणाला. "तुमच्या त्या पोरांइतकं मले येत नाई. रात-दिवस तेच डोक्यात." मग त्यानं विचारलं, "धारणीचं मशीन चालू हाय काय?"

नव्या मालकांनी जुन्या मशिनांचं काम बंद केलं होतं. धारणीहून दीड वर्षात एकही फोटो आला नव्हता.

"बंद आहे," देवश्री म्हणाली.

त्यानं मान हलवली. एमआरआयसाठी घातलेला दवाखान्याचा झगा बदलायला तो पडद्याआड गेला. बराच वेळ झाला. ललिता उठून पडद्याजवळ गेली, तसा आतून आवाज आला, "राहू दे. बटन मीच लावतो."

ती परत येऊन बसली. बाहेर पुढचा पेशंट थांबला होता. आपण नवीन काम काढतोय, हे देवश्रीनं त्याला सांगितलं नव्हतं आणि आता ती सांगणार नव्हती. दोघी पडद्याकडे बघत बसून राहिल्या.