मंडळाच्या मतांचा चंबू

मित्रांनो, जन्म तांब्याच्या भांड्याचा, पण पोटात कधी पाण्याचा थेंब गेला नाही, असं भांडं तुम्ही पाहिलं आहे का? नसेल तर माझ्याकडे बघा. मी एक जुना चंबू आहे. सोलापुरातल्या एका छोट्याशा विज्ञान मंडळाची मतं सांभाळण्यात माझा जन्म गेला.

ज्या तांबटाने मला घडवलं त्याने माझं पोट झकास केलं, पण गळा मात्र फारच अरुंद ठेवला. दुकानात बायका यायच्या, मला उचलायच्या, टिचकी मारून आवाज ऐकायच्या आणि परत ठेवून द्यायच्या. "आत हात जात न्हाय, घासायचा कसा गं?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. मग एके दिवशी चनबसप्पा मास्तर आले. ते शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मंडळाचे चिटणीस होते. त्यांनी माझ्या गळ्यात दोन बोटं घालून पाहिली, ती अडकली, आणि मास्तरांचा चेहरा खुलला. "असाच पायजे होता!" ते म्हणाले. ज्या दोषापायी मी धूळ खात पडलो होतो, त्याच दोषासाठी मला कुणीतरी पसंत केलं. त्या दिवसापासून मास्तरांवर माझा जीव जडला.

मंडळ चाटी गल्लीत एका माडीवर भरायचं. डॉक्टर, वकील, मास्तर, बियाण्याचा व्यापारी, गिरणीतला रंगारी अशी सगळी मंडळी. वर्षभर तिथे काय काय यायचं! सापाची कात, सुगरणीचं घरटं, विहीर खणताना सापडलेला शंख, एकदा तर दोन शेंडे असलेली काकडी. ती काकडी नक्की एक म्हणायची की दोन, यावर दोन बैठका झाल्या आणि शेवटी ती सडली. मला या लोकांची मोठी गंमत वाटायची. बाहेर कुणी कुणाला सरळ उत्तर देत नसे, आणि इथे मोठी माणसं मुंगीच्या पायांवरून हमरीतुमरीवर येत.

मी ज्या कपाटात राहायचो तिथे माझा शेजारी होता मंडळाचा सूक्ष्मदर्शक. पितळेचा, इंग्लंडहून आलेला, आणि त्याचा तोराही तसाच. त्याला रोज कुणीतरी बाहेर काढायचं. मला मात्र वर्षातून एकदाच, वैशाखातल्या वार्षिक सभेला.

ती सभा म्हणजे मास्तरांचं लग्नकार्यच. महिनाभर आधीपासून त्यांची झोप उडायची. आमंत्रणं लिहायची, अहवाल तयार करायचा, खुर्च्या मागून आणायच्या. सभेत आधी अहवाल वाचला जायचा, तेव्हा अध्यक्ष शिवलिंगप्पा डॉक्टर हमखास डुलकी घ्यायचे. मग त्याच माणसांना त्याच जागांवर पुन्हा निवडलं जायचं. मग नवे सभासद घेण्यासाठी मतदान आणि शेवटी चहा-चिवडा.

मतदानात माझा मान, कारण एकदा टाकलेलं मत माझ्या अरुंद गळ्यातून हात घालून कुणाला काढता येत नसे. प्रत्येकाला एक जोंधळा आणि एक गुंज मिळायची. होकार असेल तर जोंधळा माझ्या पोटात टाकायचा, नकार असेल तर गुंज. उरलेला दाणा बाजूच्या पिशवीत. पण गुंज तांब्यावर पडली की 'टण्' वाजते आणि जोंधळ्याचा आवाज नुसता 'टिक्'. मग गुप्तता कुठली? यावर मंडळाने एक शास्त्रीय तोडगा काढला होता. एकजण मत टाकत असताना बाकीच्यांनी मोठ्याने खोकायचं! खालून जाणाऱ्यांना वाटायचं, माडीवर दवाखाना उघडला की काय. ते खोकोत बापडे, मला मात्र सगळं कळायचं. पण कुणी काय टाकलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही.

आता ज्यांच्यासाठी ही हकिगत सांगायला बसलो त्या बाईंविषयी सांगतो. वच्छलाबाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या. मंडळाच्या जाहीर व्याख्यानांना त्या यायच्या आणि दाराजवळच्या बाकावर बसायच्या. पिशवीत नेहमी एक बाटली, आणि बाटलीत सिद्धेश्वर तळ्याचं हिरवं पाणी. एकदा व्याख्यान संपल्यावर त्या मास्तरांना म्हणाल्या, "मास्तर, हे पाणी हिरवं कशानं होतं ते मला तुमच्या यंत्रातून बघायचंय."

मास्तरांनी ओशाळून भिंतीवरच्या नियमांकडे बोट दाखवलं. सूक्ष्मदर्शकाला सभासदांखेरीज कुणी हात लावायचा नाही. "आम्ही बघून सांगतो की, बाई," ते म्हणाले. त्यांनी खरंच पाहिलं. "गोल गोल हिरवे मणी हायत, आणि फिरत्यात."

"तुम्ही सांगितलंत ते मी ऐकलं," बाई म्हणाल्या. "पण मला बघायचंय हो."

तेव्हा गिरणीतला रंगारी हिंदुराव पुढे आला. जेऊरकडचा शेतकऱ्याचा मुलगा, पुरता तिशीचाही नसेल, हात कोपरापर्यंत निळे. "मग बाईंना सभासद करून घ्या की! मी सुचवतो नाव. लिवा मास्तर." झालं. मंडळात आजवर बाई नव्हती. शिवलिंगप्पा डॉक्टरांना ते मुळीच पटलं नाही. डॉक्टर मनाचे वाईट नव्हते, पण सवयीचे गुलाम होते. "अहो, बाईमाणूस हितं येऊन बसलं की विडी ओढायची चोरी," ते म्हणाले, "आणि मोकळेपणानं भांडायचीबी चोरी. मग मंडळ कशाला पायजे?" बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

तो वैशाख १९३० सालचा. मिठाच्या सत्याग्रहाने शहरात वातावरण तापलेलं होतं, तरी मास्तरांनी सभा भरवलीच. अहवालात मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं की यंदा डॉक्टरांनी 'धान्यातील किडी व त्यांचा बंदोबस्त' यावर उत्तम व्याख्यान दिलं. टाळ्या पडल्या. मग मतदान सुरू झालं. पहिला खोकला, पहिला दाणा. हिंदुराव आपलं मत टाकून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

एवढ्यात खाली धावपळ ऐकू आली. दुकानांच्या फळ्या धडाधड पडायला लागल्या. कुणी म्हणालं, गोळीबार झाला. काहींनी मत दिलं होतं, काही तसेच जिन्याकडे धावले. पिशवी लवंडली, उरलेले दाणे पायाखाली गेले. कुणी मत दिलं आणि कुणी नाही, हेही कुणाला सांगता येईना. मास्तर मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी माझ्या तोंडावर फडकं बांधलं, गाठीवर लाख ओतली आणि डॉक्टरांना हात धरून थांबवून लाखेवर त्यांच्या अंगठीचा ठसा घेतला. मग मला कपाटात ठेवलं.

पुढे शहरात फौजी कायदा लागला. चार माणसांनी एकत्र जमायची सोय उरली नाही. हिंदुरावाला मिरवणुकीत धरलं आणि येरवड्याला धाडलं. माझ्या पोटात मात्र त्याचं मत होतं. मला त्याची फार काळजी वाटायची. तिकडे तुरुंगात त्याला तोंड उघडायची बंदी होती, त्याचा एकुलता एक होकार तेवढा माझ्या हवाली होता.

कपाटात अंधार आणि उकाडा. काही दिवसांनी माझ्या पोटात बारीक कुरकुर ऐकू यायला लागली. मी कान टवकारले. मला वाटलं, मतं आपसात बोलायला लागली! काय बरं बोलत असतील? मग गुदगुल्या झाल्या. माझ्या आतल्या भिंतीवरून कुणीतरी चालत होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. सोंडे! दाण्यांत आधीपासून लपलेली अंडी फुटली होती आणि किडे होकार खात होते. धान्याच्या किडींवर टाळ्या वाजवणाऱ्या या विद्वानांना आपल्याच मतांच्या जोंधळ्यात कडुलिंबाचं एक पान टाकायचं सुचलं नव्हतं. मी ओरडू शकत नव्हतो. शेजारचा सूक्ष्मदर्शकही गप्प होता, त्याला उजेडाशिवाय काही दिसत नाही.

आषाढात बंदी उठल्यावर सभा पुन्हा भरली. वच्छलाबाई दाराजवळच्या बाकावर बाटली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डॉक्टरांनी लाख फोडली आणि मला पांढऱ्या कागदावर उपडं केलं. आधी सहा गुंजा टणाटण पडल्या, लालचुटूक, जशाच्या तशा. मग पाच पोकळ जोंधळे, प्रत्येकाला भोक पडलेलं. मग नुसता भुगा. आणि भुग्यातून सोंडे बाहेर पडून चालू लागले.

कुणीतरी फिस्सकन हसलं. "होकार किड्यांनी खाल्ला!" वकील म्हणाले. मग सगळे एकदम बोलायला लागले. पाच विरुद्ध सहा म्हणायचं का? भुग्यात किती मतं होती कुणाला ठाऊक? आणि नियम असा होता की मोजणीत संशय आला तर प्रस्ताव बाद, आणि तेच नाव पुन्हा तीन वर्षं आणायचं नाही.

मास्तरांनी स्वतःच तो नियम लिहिला होता. तो वाचून दाखवायला ते उभे राहिले, पण त्यांनी वही मिटली. "हिंदुराव आत बसलाय," ते म्हणाले. "त्यानं इचारलं तर त्याला काय सांगू? तुझं मत किड्यानं खाल्लं म्हणून?" बाकावर वच्छलाबाईंनी बाटलीचं बूच घट्ट बसवलं आणि बाटली पिशवीत ठेवली.

शिवलिंगप्पा डॉक्टरांचं इकडे लक्षच नव्हतं. त्यांनी एक सोंडा बोटाच्या टोकावर घेतला होता आणि भिंगातून त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी भुग्यात बोट फिरवलं. "गप बसा की जरा," ते म्हणाले. "हे बघा. मंद्रूपला आमच्या शेतात जोंधळा पिकला का न्हाय ते कसं बघत्यात? दाण्याच्या बुडाला काळा ठिपका पडला की पिकला. एका दाण्याला ठिपका एकच. तेवढा भाग कडक असतोय. किड्यानं पीठ खाल्लं तरी ठिपका ऱ्हायला असणार. ऱ्हायला असल का वो? मास्तर, यंत्र काढा, यंत्र!"

कुणाच्या बाजूने बोलतो आहोत याचं भान त्यांना उरलंच नव्हतं. शेजारच्याला कपाटातून बाहेर काढलं. डॉक्टर खिडकीशी स्टुलावर बसले आणि काचेवर चिमूट चिमूट भुगा घेऊन बघायला लागले. भुगा उडू नये म्हणून सगळ्यांनी श्वास रोखले. इतकी वर्षं माझ्याभोवती खोकणारे लोक त्या दिवशी पहिल्यांदा खोकला दाबून बसले.

"ह्यो एक," डॉक्टर एकदम म्हणाले. "टाचणीच्या टोकाएवढा, पण पुरा हाय. सहावा जोंधळा."

सहा आणि सहा. बरोबरी झाली तर अध्यक्षाचं मत निर्णायक, आणि ते कुठे पडणार हे सगळ्यांना माहीत होतं. कागदावरचा भुगा संपला. वकिलांनी आरामात पाय पसरले. "झालं तर मग," ते म्हणाले.

डॉक्टर तेवढ्यावर उठू शकले असते. पण ते उठले नाहीत. "चंबूच्या बुडाला अजून चिकटलेलं असल," ते पुटपुटले. "अर्धाच नमुना बघून कसं चालंल?" त्यांनी लांब दांड्याचा कुंचला माझ्या गळ्यातून आत घातला, माझं बूड झाडलं आणि निघालेली शेवटची चिमूट काचेवर घेतली. ती काच ते फार वेळ बघत राहिले. त्यांच्या मानेवर घाम आला होता. आता त्यांना कळलं होतं, आपण काय शोधतो आहोत ते. मित्रांनो, त्या काचेवर काय आहे ते मला ठाऊक होतं, पण ते आता डॉक्टर सांगतील तेच खरं ठरणार होतं. दुसरं कुणी बघत नव्हतं.

"सातवा," डॉक्टर म्हणाले. मग घसा साफ करून मोठ्याने म्हणाले, "सात जोंधळे, सहा गुंजा. हाय ते हाय. लिवा मास्तर." ते स्टुलावरून उठले, पंच्याने स्टूल पुसलं आणि दाराकडे वळून म्हणाले, "या बाई. बसा."

बाटलीचं घट्ट बसवलेलं बूच वच्छलाबाईंना काढता येईना. ते डॉक्टरांनीच काढून दिलं. बाईंनी नळीला डोळा लावला. त्यांनी नळी थोडी वर, थोडी खाली करून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "मास्तर, मणी नाहीत हो हे. यांना शेपट्या आहेत." त्यावर लगेच वाद सुरू झाला, आणि डॉक्टर बाईंशी इतक्या मोकळेपणाने भांडले की विडी पेटवायचंही विसरले.

वर्ष उलटायच्या आत हिंदुराव सुटून आला. वाळला होता, हातांचा निळा रंग पार उतरला होता. घरी जायच्या आधी तो माडी चढून वर आला आणि उंबऱ्यातच थांबला. "मास्तर, आमचं मत पोचलं का वो?" मास्तरांनी नुसतं खिडकीकडे बोट केलं. तिथे वच्छलाबाई यंत्राला डोळा लावून बसल्या होत्या, आणि कुणी आलं आहे याची त्यांना खबरही नव्हती. हिंदुरावाने त्यांना हाक मारली नाही. तो चपला हातात घेऊन आवाज न करता खाली बसला आणि त्यांचं बघून होईपर्यंत बसून राहिला.

आता मंडळात छापील चिठ्ठ्या आल्या आहेत. त्या कुणी खात नाही आणि त्या वाजतही नाहीत. मी कपाटाच्या वरच्या फळीवर असतो. माझ्यात टाचण्या ठेवतात. कुणी घासत नाही म्हणून काळा पडलो आहे. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण चिंच लावून मला लख्ख घासा, हे माझं मागणं नाही; ते वेगळंच आहे.

मित्रांनो, कधी कुणी दूर जाताना आपला शब्द तुमच्यापाशी ठेवून जाईल. त्याला परत येऊन तो सांगता येणार नसेल. त्या शब्दाचा भुगा झालेला दिसला, तर तो झटकून टाकू नका. उजेडात बसा, श्वास आवरा, आणि तुम्हाला नको असलेलं उत्तर निघालं तरी मोठ्याने सांगा.